एसी बसचा कट

क्रिकेटपटूंनी संपावर जाणं म्हणजे देवानेच नैवेद्य नाकारणं. भक्तांनी घंटा वाजवायची तरी कुणासमोर?

21 ऑक्टोबर 2019 रोजी ढाक्यात हा प्रसंग ओढवला. शाकिब अल हसन, तमिम इक्बाल, मुशफिकुर रहीम आणि त्यांचे साथीदार पत्रकारांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, अकरा मागण्या मान्य करा, तोवर क्रिकेट बंद. भारत दौरा तोंडावर आलेला. दुसऱ्याच दिवशी बांगलादेश क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष नझमुल हसन यांनी यामागे कट असल्याचं जाहीर केलं. ते तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचे खासदार. कट ओळखायची नजर लागते, ती त्यांना होती.

आणि मागणीपत्र होतंच तसं भयंकर! राष्ट्रीय लीगच्या सामन्याचं मानधन 35 हजार टाक्यांवरून 1 लाख करा. प्रवासाला एसी बस द्या. इथवर ठीक. पण मैदानावरचे कर्मचारी, स्थानिक प्रशिक्षक आणि पंच यांचे पगारही वाढवा म्हणे. आयपीएलमध्ये कोटींत खेळणाऱ्या शाकिबला खेळपट्टीवर पाणी मारणाऱ्याच्या पगाराशी काय देणंघेणं? स्वतःपुरतं मागितलं असतं, तर हावरट म्हणून विषय मिटवता आला असता. दुसऱ्यासाठी मागितलं की कट म्हणावं लागतं, बोर्डाचा नाइलाज असतो. त्यात 23 तारखेला यादी तेरावर गेली. महिला क्रिकेटपटूंना समान वागणूक आणि बोर्डाच्या उत्पन्नात वाटा! म्हणजे हिशेबाची वही उघडायची की काय?

आपल्याकडे असले अतिप्रसंग होत नाहीत. 1989 मध्ये दिलीप वेंगसरकर, कपिल देव, रवी शास्त्री यांच्यासह सहा जण भारतीय बोर्डाची परवानगी नसताना अमेरिकेत प्रदर्शनीय सामने खेळून आले, तर त्यांच्यावर बंदी आली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तेवढी शिकवण पुरली असावी. पुढे लोढा समितीच्या शिफारशीतून क्रिकेटपटूंची संघटना निघाली खरी. तिची पहिली निवडणूक नेमकी त्याच ऑक्टोबरात झाली. सभासद कोण? निवृत्त झालेले! ज्याने खेळायला नकार दिला तर कुणाचं काही बिघडेल, त्याला सभासदत्व नाही. ज्याला आता कुणी खेळायला बोलावतच नाही, त्याने खुशाल संघटित व्हावं. इतकी सुरक्षित कामगार चळवळ आमच्या गिरणगावालाही सुचली नव्हती.

ढाक्यातला संप 23 तारखेच्या रात्री मिटला. लाख मागितले होते, वरच्या श्रेणीला 60 हजार ठरले. आठवडाभरात बुकींनी साधलेला संपर्क लपवल्याबद्दल आयसीसीने शाकिबवर बंदी घातली. चौकशी जुनी होती, संपाशी तिचा संबंध नव्हता. पण ‘तरी मी म्हणत होतो’ म्हणायला पुरावा कुठे लागतो?

मग 3 नोव्हेंबरला उरलेले कटवाले शाकिबविना दिल्लीच्या मैदानात उतरले आणि डोळे चुरचुरणाऱ्या धुरक्यात भारताला 7 गडी राखून हरवून गेले. टी-20मध्ये भारतावर त्यांचा हा पहिलाच विजय. बांगलादेशचं क्रिकेट बुडवण्याचा कट किती खोलवर गेला होता, बघा.