सबमिशन आधीच मेलं होतं

चॅटजीपीटीमुळे मुलांनी स्वतः लिहिणं सोडलं, ही तक्रार सध्या प्रत्येक स्टाफरूममध्ये ऐकू येते. पण मुलं स्वतः लिहीत होती कधी? जर्नल वरच्या वर्गातल्या मुलाकडून यायचं. पर्यावरणाचा प्रकल्प कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून यायचा. सबमिशनच्या आदल्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत चौघं एकाच वहीवरून उतरवत बसायचे. सकाळी सर सही करायचे आणि विसापैकी अठरा गुण पडायचे. हे मुलांना माहीत होतं, सरांना माहीत होतं, प्राचार्यांनाही माहीत होतं. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. सबमिशन त्याच्या कितीतरी आधी मेलं होतं.

तरी एक फरक पडला आहे आणि तो लहान नाही. उतरवताना निदान काही ओळी डोळ्यांखालून जायच्या, एखादी व्याख्या हाताला लागायची. आता तेवढंही होत नाही. प्रश्न चिकटवायचा, उत्तर छापायचं, स्पायरल बाइंडिंग करून द्यायचं. न वाचता लिहिलेलं न वाचता तपासलं जातं. पर्यावरण हा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पदवीला सक्तीचा झाला. मुलांनी आपली नदी, आपला कचरा, आपली विहीर जाऊन पाहावी, हा त्याचा हेतू होता. आज नदीवर चाळीस पानं सादर करणारा मुलगा त्या नदीच्या काठावर उभा राहिलेला नसतो, आणि आपण त्याला पास करतो.

यावर विद्यापीठांना सुचलेला उपाय म्हणजे आणखी एक सॉफ्टवेअर. वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१८ चे आहेत. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, साठच्या वर गेलं तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द. हे नियम साम्य मोजतात. चॅटजीपीटीसारखं यंत्र मात्र दर वेळी नव्याने वाक्यं जुळवतं, त्यामुळे साम्य सापडत नाही. म्हणून मग यंत्राचा मजकूर ओळखणारी दुसरी यंत्रं, म्हणजे डिटेक्टर, आली.

या डिटेक्टरची लायकी काय, ते चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच सांगून ठेवलं आहे. कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर काढला. तिच्याच चाचणीत त्याने यंत्राच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखला, आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकूर यंत्राचा ठरवला. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने तो मागे घेतला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेत लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या डिटेक्टरनी यंत्राचे ठरवले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सहीसलामत सुटले. कारण साधं आहे. शब्द मोजके आणि वाक्यरचना अपेक्षित असली की डिटेक्टरला ते यंत्राचं वाटतं.

आता किनवटच्या किंवा जतच्या मराठी शाळेतून आलेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. ती इंग्रजीत जपून, लहान लहान वाक्यांत लिहिते, पाठ केलेल्या रचना वापरते. तिने रात्रभर बसून स्वतः लिहिलेला निबंध हा डिटेक्टर चोरीचा ठरवणार. ज्याच्याकडे पैसे आहेत तो यंत्राच्या मजकुराला माणसाचा रंग चढवून देणारं दुसरं ॲप विकत घेणार आणि सुटणार. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्येच टर्निटिन या सॉफ्टवेअरमधला डिटेक्टर बंद केला. आपल्याकडे २०२४ मध्ये हरयाणातल्या एका खासगी विद्यापीठाने उत्तरं यंत्राची आहेत असं म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला नापास केलं. तो पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयात गेला, तेव्हा विद्यापीठाने त्याला पास केलं. तो कायदा शिकत होता म्हणून त्याला न्यायालयाची वाट ठाऊक होती. किनवटच्या मुलीने कुणाकडे जायचं? डिटेक्टरच्या आकड्यावरून गुण कापणं हा अन्याय आहे आणि तो ताबडतोब थांबला पाहिजे.

बंदीचं परिपत्रक काढूनही काही होणार नाही. जुलै २०२५ पासून एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो हे असंच यंत्र वर्षभर फुकट दिलं. ऑक्टोबरमध्ये जिओने जेमिनीची प्रो योजना फुकट द्यायला सुरुवात केली, तेही आधी १८ ते २५ वयोगटाला. नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी गो वर्षभरासाठी फुकट झालं. जिओने आधी १८ ते २५ हेच वय का निवडलं, हे प्रत्येक कुलगुरूने स्वतःला विचारावं. याच वयात लागलेली सवय आयुष्यभर टिकते आणि पुढे तिचे पैसे मिळतात. कंपन्यांना आपल्या विद्यार्थ्यांचं मोल कळलं, विद्यापीठं अजून परिपत्रकाचा मसुदा करत आहेत.

सवय कशी लागते यावर सगळं अवलंबून आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार मुलांवर गणिताचा प्रयोग केला. एका गटाला साधं चॅटजीपीटीसारखं यंत्र दिलं. सरावात त्यांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले. यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. दुसऱ्या गटाच्या यंत्राला शिक्षकांनी आधी शिकवलं होतं: उत्तर सांगायचं नाही, फक्त पुढची पायरी सुचवायची. या मुलांची सरावातली वाढ १२७ टक्के होती, आणि परीक्षेतलं ते नुकसान जवळजवळ दिसलं नाही. फरक पडला तो शिक्षकाने घातलेल्या मर्यादेमुळे.

म्हणून यंत्राला सरसकट शिव्या देणाऱ्यांच्याही बाजूला मी नाही. रात्री अकरा वाजता वसतिगृहात बसून, मराठीतून, न लाजता, तोच प्रश्न पाचव्यांदा विचारता येणं ही पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. ज्याला क्लास परवडत नाही आणि वर्गात हात वर करायची भीती वाटते, त्याला हा आधार मिळतोय. तो हिरावून घेण्याचा अधिकार कुणालाच नाही.

करायचं काय, हे चांगल्या शिक्षकांना ठाऊक आहे. महात्मा फुल्यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’वर यंत्राकडून दोन पानं लिहून घ्या आणि वर्गाला मूळ पुस्तक शेजारी ठेवून ती वाक्यागणिक तपासायला लावा. काय खरं, काय बनावट, काय सुटलं, यावर गुण द्या. कोयनेचा डिसेंबर १९६७ चा भूकंप पाहिलेली माणसं पाटण तालुक्यात अजून आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली आजी कित्येक विद्यार्थ्यांच्या घरातच आहे, आणि त्या दुष्काळातूनच रोजगार हमी उभी राहिली. अर्थशास्त्राच्या मुलाने तिची मुलाखत घेऊन यावं. ते कुठल्याही यंत्राच्या पोटात नाही. आणि जे काही लिहून आणलं असेल, त्यावर समोर बसवून दहा मिनिटं विचारा: हे वाक्य लिहिलंस, याचा अर्थ काय? उलट बाजू कोणती? दहा मिनिटांत सगळं कळतं.

खरी गोम इथेच आहे. साठ मुलांना दहा-दहा मिनिटं म्हणजे दहा तास, एका विषयाचे. हे तास देणार कोण? राज्यातल्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. शिकवतोय तासिका तत्त्वावरचा माणूस, जो सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात धावतो आणि ज्याला पैसे तासावर मिळतात. त्याच्याकडून मुलासमोर निवांत बसण्याची अपेक्षा ठेवणं क्रूरपणाचं आहे. जागा न भरता यंत्रं आणण्याची हौस भोवते. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने पुरेशी तयारी न करता उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या. निकाल महिनोन्‌महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले आणि कुलगुरूंना पद सोडावं लागलं.

प्रामाणिकपणाचा नियम शिक्षकांनाही तोच हवा. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात एका विद्यार्थिनीला प्राध्यापकाच्या नोट्समध्ये चॅटजीपीटीच्या खुणा सापडल्या आणि तिने फी परत मागितली. फी मिळाली नाही, पण तिचा प्रश्न रास्त होता. नोट्स किंवा प्रश्नपत्रिका यंत्राकडून करून घेतली असेल, तर तसं वर्गात सांगा. मुलांकडून मागता तेवढा प्रामाणिकपणा आधी स्वतः दाखवा.

प्राध्यापकांनो, सत्राच्या पहिल्याच तासाला मराठीत, स्पष्ट सांगा की तुमच्या विषयात यंत्र कुठे चालेल, कुठे नाही, आणि प्रत्येकाला लिहिलेल्यावर तोंडी उत्तर द्यावं लागेल. कुलगुरूंनो, डिटेक्टरच्या आकड्यावर शिक्षा होणार नाही असा लेखी आदेश याच सत्रात काढा. आणि सरकारने प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भराव्यात, पूर्ण वेळ आणि पूर्ण पगारावर.