पागडीची गाडी

गाडी घेऊन तीन वर्षं झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्याशी अबोला धरला. आदल्या दिवसापर्यंत मी तिसऱ्या मजल्यावरून फोनवर बोट टेकवलं की ती खाली पार्किंगमध्ये आपणहून सुरू व्हायची, एसी लावायची आणि अप्पा जिना उतरून येईपर्यंत आत महाबळेश्वर करून ठेवायची. (अप्पा लिफ्टने उतरत नाहीत. लिफ्टच्या मेंटेनन्सचे पैसे मात्र दर महिन्याच्या एक तारखेला भरतात. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) त्या दिवशी बोट टेकवलं, तर फोनवर एका हसऱ्या बाईचं चित्र आलं. आपली मोफत मुदत संपली आहे, गाडीशी पुन्हा जोडले जाण्यासाठी योजना निवडा, असं ती म्हणत होती. योजना तीन होत्या. त्यातल्या मधल्या योजनेवर ‘सर्वाधिक लोकप्रिय’ असा शिक्का होता.

अप्पांना बँकेत न्यायचं होतं, हयातीचा दाखला द्यायला. अप्पा पोस्टातून निवृत्त झालेत आणि दर नोव्हेंबरात ते जिवंत असल्याचं नूतनीकरण करावं लागतं. नोव्हेंबर असला तरी ठाण्यात थंडी फक्त कॅलेंडरवर येते. गाडीचं दार उघडलं तर आतून भट्टीची वाफ आली.

“जरा थांबा अप्पा, गाडी तापलीय.”

“सुरू होत नाही?”

“होते. किल्लीने होते. फोनने होत नाही. त्याचे पैसे भरायचे राहिलेत.”

“हप्ते संपले ना रे तुझे?”

“हप्ते बँकेचे होते, ते संपले. हे कंपनीचं आहे. दरवर्षी भरायचं.”

अप्पांचा चेहरा उजळला. जुना वर्गमित्र रस्त्यात भेटावा तसा. “म्हणजे गाडी पागडीवर घेतलीस म्हण की!”

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. पागडी म्हणजे खोलीच्या किमतीच्या जवळ जाणारी रक्कम मालकाच्या हातात एकदम ठेवायची आणि तरीही भाडेकरूच राहायचं. शेठने खोली विकलेली नसते आणि आपण ती घेतलेली असते. भाडं किरकोळ, कारण १९४७ च्या भाडे कायद्याने ते सप्टेंबर १९४० च्या दरावर गोठवून टाकलं होतं. त्या कायद्याला पागडी मुळीच मान्य नव्हती, त्यामुळे ती सगळ्या मुंबईत सुखाने चालली. पुढे १९९९ च्या कायद्याने तिला रीतसर मान्यता दिली. अप्पांची उभी हयात गिरगावातल्या अशाच दोन खोल्यांत गेली. म्हणून जे समजायला मला कंपनीच्या अटी-शर्तींची चाळीस पानं उलटावी लागली, ते त्यांना पार्किंगमध्ये उभ्या उभ्या समजलं.

आपल्याकडे हे खूळ २०१९ मध्ये आलं. त्या वर्षी ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर, सिमकार्ड पोटात घेऊनच बाजारात उतरल्या. हेक्टरच्या अंगावर तर ‘इंटरनेट इनसाइड’ असा बिल्लाच होता. पूर्वी ट्रकच्या मागे ‘आईचा आशीर्वाद’ असायचा तसा. (आमची गाडी या दोन्हींपैकी नव्हे. कोणती ते विचारू नका.) पहिली काही वर्षं फुकट, नंतर पैसे, ही रीत सगळ्यांचीच. सवय लागायला किती दिवस लागतात हे तंबाखूवाल्यांनंतर मोटारवाल्यांनाच बरोबर कळलंय.

मात्र आपले मोटारवाले या धंद्यात अजून उमेदवारी करतायत. खरे शेठ बाहेर आहेत.

जुलै २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूच्या दक्षिण कोरियातल्या दरपत्रकात एक ओळ लोकांना दिसली: पुढची सीट गरम करण्यासाठी महिना सुमारे १८ डॉलर. ब्रिटनमध्ये १५ पौंड. सीटच्या आत तापणारी तार कारखान्यातच घातलेली, तिचं वजन गाडी रोज वाहणार, त्या वजनाचं तेल तुम्ही भरणार. ती तापायची की नाही हे मात्र म्युनिकला विचारून. खुर्ची गरम ठेवायला दरमहा काही द्यावं लागतं, हे आपल्या राजकारणात कुणाला नव्याने सांगायला नको, पण तिथे भलताच गदारोळ झाला. शेवटी २०२३ मध्ये कंपनीने सीटपुरता हा प्रकार गुंडाळला. तिचं म्हणणं असं की आम्ही दोनदा पैसे घेतले नव्हते, लोकांना तसं वाटलं एवढंच. मुंबईत हा धंदा एक दिवससुद्धा चालला नसता. इथे मे महिन्यात सीट सूर्य तापवतो आणि त्याने अजून ॲप काढलेलं नाही.

मर्सिडीजने २०२१ मध्ये ईक्यूएस ही विजेची गाडी आणली. तिची मागची चाकंसुद्धा वळतात. दहा अंश वळू शकतात. वळतात मात्र साडेचार. वरचे साडेपाच अंश हवे असतील तर जर्मनीत वर्षाला ४८९ युरो भरायचे. एखाद्या कार्यालयात पेन्शनचं प्रकरण घेऊन गेलेल्या मराठी माणसाला यात काही नवल वाटणार नाही. टेबलामागचा गृहस्थ पूर्ण वळू शकतो हे त्याला ठाऊक असतं. पण सुरुवातीला तो साडेचार अंशच वळतो, बाकीचा चहापाण्यानंतर. फरक इतकाच की आपल्याकडे याला लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे आणि तिकडे याला ‘सेवा’ म्हणतात.

फोक्सवॅगनने २०२५ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये आयडी ३ ची ताकदच भाड्याने काढली. गाडी २०१ हॉर्सपॉवरची. महिना साडेसोळा पौंड दिले की २२८ ची. एकरकमी ६४९ पौंड दिले तर जन्मभराची, जन्म अर्थात गाडीचा. म्हणजे सत्तावीस घोडे तुमच्याच पागेत बांधलेले. जागा तुमची, लीद तुमची, चंदी तुमची. फक्त त्यांच्या दाव्याची गाठ सोडायला दरमहा माणूस बोलवायचा.

आता न्यायाने बोलायचं तर प्रत्येक वर्गणी काही लूट नसते. गाडीतल्या सिमला डेटा लागतो, नकाशे ताजे ठेवावे लागतात, अपघात झाला तर पलीकडे फोन उचलणारं माणूस लागतं. जनरल मोटर्स ‘ऑनस्टार’ नावाने १९९६ पासून हे काम करते आहे. दूधवाला रोज दूध घालतो आणि महिन्याला पैसे नेतो, यावर कुणाची तक्रार नाही. एमजीने २०२४ मध्ये विंडसर आणली तेव्हा तर उघडच सांगितलं: गाडी ९.९९ लाखांना, बॅटरी आमची, तिचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. म्हणजे रिक्षा आपणच चालवायची आणि मीटरही आपलाच पडायचा. पण मीटर समोर दिसतो तरी. मला बोचतो तो दुसरा प्रकार. गाय माझी, गोठा माझा, कडबा माझा आणि आचळाला कुलूप मात्र यांचं.

टोयोटाचंच बघा. अमेरिकेतल्या काही गाड्यांत किल्लीवरचं बटण दाबून लांबून इंजिन सुरू करता येत होतं. २०२१ च्या डिसेंबरात गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं की मोफत मुदत संपली की हे बटणही मरतं. पुन्हा जिवंत करायचं तर महिना ८ डॉलर. यात इंटरनेट नाही, उपग्रह नाही. किल्ली गाडीशी साध्या रेडिओने बोलते. दोघी वीस पावलांवर उभ्या, एकमेकींना हाका मारतायत, आणि मधे कंपनी: आधी वर्गणी, मग संवाद. ओरड झाल्यावर, हे असं व्हावं हा आमचा हेतू नव्हता, अशा अर्थाचं काहीतरी कंपनी पुटपुटली. पैसे घेणाऱ्याचा हेतू कधीच नसतो, हे आमच्या शेठचंही म्हणणं होतं.

हे सगळं मी अप्पांना गाडी निवेपर्यंत, दारं सताड उघडी टाकून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मुद्द्याचा प्रश्न विचारला.

“खोली विकताना शेठला किती द्यायचं?”

पागडीत हाच कळीचा प्रश्न. भाडेकरूने खोली दुसऱ्याला दिली की साधारण तिसरा हिस्सा शेठचा. गाडीतही तेच. २०१९ च्या डिसेंबरात अमेरिकेत एकाने जुनी टेस्ला घेतली. आपोआप चालण्याच्या सोयी आहेत, असं सांगून ती विकलेली. पण त्या सोयी दुरूनच काढून घेतल्या गेल्या, कारण या नव्या माणसाने त्यांचे पैसे भरलेले नाहीत. बोंबाबोंब झाल्यावर परत दिल्या. पण शेठकडे दुसरी किल्ली आहे, हे तेवढ्यात गल्लीला कळलं.

खरं तर ते आधीच कळायला हवं होतं. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडावर चालून आलं, तेव्हा टेस्लाने तिथल्या काही गाड्यांची बॅटरी एका रात्रीत मोठी केली. बॅटरी मुळात ७५ किलोवॉट-तासांचीच होती. कमी पैसे देणाऱ्यांना तीच ६० ची म्हणून, सॉफ्टवेअरचा बांध घालून विकली होती. लोकांना पळून जाता यावं म्हणून कंपनीने बांध काढला, तीस-चाळीस मैल जास्त मिळाले, वादळ ओसरलं आणि बांध पुन्हा घातला. यात शेठचं मन मोठं होतं, हे कबूल केलंच पाहिजे. पूर आल्यावर गच्चीची किल्ली देणारा शेठ वाईट कसा म्हणावा? गच्ची आधीपासून आपल्याच डोक्यावर होती, एवढीच भानगड.

जनरल मोटर्सने २०२१ मध्ये गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की २०३० पर्यंत सॉफ्टवेअर आणि सेवांतून वर्षाला २० ते २५ अब्ज डॉलर मिळवू. मोटारी विकणारी कंपनी हे बोलते, तेव्हा मोटार हे सेल्समनच्या हातातलं चॉकलेट उरतं. भाडं मिळतंच, शिवाय भाडेकरूच्या घरात काय शिजतं तेही विकता येतं. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की ही कंपनी लोक किती जोरात ब्रेक मारतात, किती वेगाने जातात याच्या नोंदी दलालांना देत होती. तिथून त्या विमा कंपन्यांकडे जात आणि हप्ते वाढत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा नोंदी विकण्यावर पाच वर्षांच्या बंदीचा प्रस्ताव मांडला. अप्पांना याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं. “आमचा शेठ खिडकीतून डोकवायचा,” ते म्हणाले, “पण वाण्याला जाऊन सांगायचा नाही.”

मग ते वर गेले, अर्थात जिन्याने, आणि हिरवी रेक्झिनची पिशवी घेऊन आले. त्यात गिरगावच्या भाडेपावत्या. सत्तावीस रुपये, सत्तावीस रुपये, सत्तावीस रुपये. तिकीट चिकटवून शेठची वाकडी सही. शेठला खोली रिकामी करून हवी होती, म्हणून त्याने एका वर्षी भाडं घेणंच बंद केलं. अप्पांनी तेव्हा दर महिन्याला मनीऑर्डर पाठवली. शेठने ती दर महिन्याला नाकारली. नाकारल्याचा शेरा मारून ती परत आली की अप्पा पिशवीत ठेवायचे. हा पुरावा. शेठने दावा लावला. तारखा पडल्या. शेठ वारला, त्याच्या मुलाने दावा पुढे चालवला, मुलगा थकला. एवढ्या काळात आमच्या घरात दोन लग्नं, एक मुंज आणि माझी दहावी-बारावी त्याच दोन खोल्यांत पार पडली. बाहेर काढायचं तर शेठला कोर्टात जावं लागत होतं, ही अप्पांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मालमत्ता होती.

“तूही असंच कर,” अप्पा म्हणाले. “योजना-बिजना निवडू नकोस. वाजवी भाडं ठरव, मनीऑर्डर कर, नाकारली की शेरा जपून ठेव. मग येऊ दे त्यांना कोर्टात.”

“अप्पा, ते कोर्टात येत नाहीत. बटण बंद करतात.”

“नोटीस?”

“ही काय, फोनवर. हसरी बाई.”

अप्पांनी चष्मा लावून हसऱ्या बाईकडे बराच वेळ पाहिलं. पोस्टातल्या माणसाला पत्त्याशिवाय काही सुचत नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं, एका जुन्या पावतीची कोरी बाजू गाडीच्या बॉनेटवर धरली, आणि चटका बसला म्हणून हातावर धरली.

“बरं, मालकाचा पत्ता सांग.”

“शोरूमचा देऊ?”

“शोरूम म्हणजे दलाल. मालक कुठे राहतो?”

“सगळं सर्व्हरवर असतं, अप्पा.”

“तो कुठे आहे?”

“कुठे म्हणजे... ढगात म्हणतात.”

अप्पांनी पेनाला टोपण लावलं. पावत्या पुन्हा पिशवीत गेल्या, पिशवीची चेन लागली. “आमचा शेठ निदान दुसऱ्या मजल्यावर राहायचा,” ते म्हणाले. “गॅलरीतून शिव्या घातल्या की खाली यायचा.” मग ते तापलेल्या सीटवर पिशवी अंथरून बसले आणि बटण दाबून काच खाली केली. ती अजून फुकट होती.