गावपळण : पहिल्यांदाच पळणाऱ्यांसाठी

मालवण तालुक्यातल्या आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत दर तीन-चार वर्षांनी देवाला कौल लावतात. कौल झाला की माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. तुम्ही मुंबईचे चाकरमानी असाल तर घाबरू नका. गाव सोडायचा अनुभव तुमच्या गाठीशी आहेच.

१. रजा मागताना ‘गाव सोडायला गावी जातोय’ असं साहेबाला सांगू नका. आजी आजारी आहे म्हणा. थंडीत तीन रात्री राहुटीत काढल्यावर ते खरंही ठरेल.

२. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. देवाला हे कोणी कळवलेलं नाही. जनरलच्या डब्यात शिरायची तयारी ठेवा.

३. राहुटी परंपरेप्रमाणे साधीच हवी : बांबू, माडाच्या झावळ्या. मग आत जनरेटरची वायर, पंखा, गॅसची शेगडी आणि आठ मोबाइल एकदम चार्ज होतील असा बोर्ड. वायर झावळ्यांखालून न्या, फोटोत दिसत नाही. बाहेर चूल मात्र पेटवाच. तिच्यावर काही शिजलं नाही तरी चालेल, रील तिच्यासमोर काढायची आहे.

४. कोंबड्या पहिल्या दिवशी मोजून घ्या. तिसऱ्या दिवशी मोजू नका.

५. कुणी कारण विचारलं तर माणूस बघून सांगा. म्हाताऱ्यांना भुतंखेतं, पत्रकाराला पर्यावरण, मुलांना पिकनिक.

६. रिकाम्या घरात कॅमेरा चालू ठेवा; चोर काही परंपरा पाळत नाहीत. पण रात्री दोन वाजता ‘अंगणात हालचाल’ असा मेसेज आला, तर उघडू नका. ते तीन दिवस अंगण तुमचं नसतं.

७. परत यायलाही कौल लागतो. नाही मिळाला तर मुक्काम वाढला आणि परतीचं तिकीट बुडालं. म्हणून गाऱ्हाण्याच्या वेळी ‘व्हय म्हाराजा’ जरा मोठ्याने म्हणा.

८. गाव भरला की घर उघडा, सडा घाला, देवापाशी दिवा लावा. मग मेन स्विच बंद करा, कुलूप लावा आणि रात्रीची गाडी पकडा. किल्ली शेजारच्या काकीकडे द्या. तिच्याकडे वाडीतल्या अकरा घरांच्या किल्ल्या आधीच आहेत, तेव्हा आपलीला चिठ्ठी बांधा.