डोक्यात जाणारे हेर

नायक डोक्यात जातो, ही माझी तक्रार कधीच नसते. 'स्लो हॉर्सेस' मालिकेतला जॅक्सन लॅम्ब घ्या. गॅरी ओल्डमनचा हा ब्रिटिश हेर पहिल्याच भागात स्वतःच्या पादण्यानं जागा होतो. तेलकट केस, भोक पडलेले मोजे, हाताखालच्यांचा उठता-बसता पाणउतारा. असा साहेब शत्रूच्याही नशिबी येऊ नये. पण त्याच्या माणसाच्या केसाला धक्का लागला की तो का उठतो, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. मग मोज्यांसकट सगळं माफ.

'होमलँड'शी माझं बिनसलं ते या 'का'वरच. २०११ ते २०२० असे आठ सीझन चाललेली, एमी मिळवलेली ही मालिका. सीआयएची कॅरी चिडते, खोटं बोलते, नियम धाब्यावर बसवते. तिच्या मानसिक आजाराची फरफट क्लेअर डेन्सनं अशी उभी केलीय की बोलायची सोय नाही. पण ज्याच्यावर देशद्रोहाचा संशय, ज्याच्या घरात हिनं चोरून कॅमेरे बसवले, त्याच ब्रॉडीच्या प्रेमात? माणूस इतका जवळून, रात्रंदिवस दिसला की प्रेम ओसरतं, असा संसारी लोकांचा अनुभव आहे, तोही कॅमेऱ्याशिवाय.

ब्रॉडीचं सुरुवातीला पटतं. दहशतवादी अबू नझीरच्या आठ वर्षांच्या कैदेत या अमेरिकी सैनिकानं ज्या पोराला इंग्रजी शिकवलं, ते अमेरिकी ड्रोनहल्ल्यात गेलं, माणूस फिरणारच. अंगावर स्फोटकं बांधून तो बंकरमध्ये उभा असतो आणि मुलीच्या फोननं विरघळतो, तेव्हा आपणही विरघळतो. दुसऱ्या सीझनमध्ये मात्र हाच गृहस्थ पेंटागॉनमध्ये उपराष्ट्रपतींसोबत बसून अबू नझीरला टिपायची मोहीम थेट पडद्यावर बघतो आणि तिथूनच मोबाइलवर त्याला सावधगिरीचा मेसेज धाडतो! आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी फोन काढला तरी सेक्रेटरी डोळे वटारतात. पुढं पकडला गेल्यावर तो सीआयएचं काम करतो, आणि नझीरनं कॅरीला ओलीस धरताच उपराष्ट्रपतींचा जीव घ्यायला लागणारा त्यांच्या पेसमेकरचा नंबर शोधून नझीरलाच कळवतो. हा नेमका कुणाचा माणूस, हे बहुधा त्यालाही ठाऊक नसावं. लेखकाला पुढचा भाग काढायचा होता, याखेरीज मला तरी दुसरं कारण दिसलं नाही.

तरी बघायचीच असेल तर पहिला सीझन जरूर बघा. बारा भाग आहेत. बारावा संपला की टीव्ही बंद करा.