लंगोट, नऊवारी आणि बर्लिन

बर्लिनमध्ये किटकॅट नावाचा क्लब आहे, 1994 पासूनचा. आपल्याला त्या नावाचं फक्त चॉकलेट ठाऊक. तिथे साध्या जीन्स-शर्टात आलेल्याला दारातूनच परत पाठवतात. कपडे काउंटरवर जमा करायचे, फोटो काढायचा नाही, आणि अंगावर उरेल तेवढ्यानिशी पहाटेपर्यंत नाचायचं. माझा भाचा तिकडे नोकरीला असतो. फोनवर हे सांगताना त्याला वाटलं, मामा हादरणार. मी म्हटलं, "अरे, म्हणजे तालीम!"

नगरला आमच्या गल्लीतली तालीम रस्त्यापेक्षा खोल होती. दार बुटकं, वाकल्याशिवाय प्रवेश नाही. कपडे खुंटीला, अंगावर लंगोट, पायाखाली ताक-तेल-हळद पिऊन मऊ झालेली तांबडी माती. पँटीनिशी आखाड्यात उतरणाऱ्याला वस्ताद जे ऐकवत, ते बर्लिनच्या दारवानाला सात जन्मांत जमायचं नाही. फोटो भिंतीवर एकच, मारुतीरायाचा. तोही लंगोटात.

पण भाच्याच्या क्लबात म्हणे कुणी कुणाच्या पोटाकडे बघत नाही. जाड, काटकुळे, सत्तरीचे, ऑपरेशनचा व्रण मिरवणारे, सगळे आपापल्या अंगावर खूश. आमच्या तालमीत अंग उघडं टाकायची मुभा होती, ते आहे तसं ठेवायची नव्हती. "सासुरवाडीला राहून आलास वाटतं?" म्हणत वस्ताद पोटावर चापट मारायचे आणि जोर वाढवायचे. 2025 साली महाराष्ट्र केसरी आमच्या वाडिया पार्कात झाली. तिथे पैलवानांच्या उघड्या पाठी डोळे भरून बघणाऱ्या गर्दीला 'आता तुम्हीही शर्ट काढा' म्हटलं असतं, तर मैदान अर्ध्या मिनिटात मोकळं झालं असतं.

नाचाचं सगळंच उलटं. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा पट्ठे बापूरावांच्या तमाशाच्या फडात गाजली, ती अंगभर नऊवारी नेसून. नाचणारी नखशिखान्त झाकलेली, आणि उडायचे फेटे समोरच्यांचे! ही परंपरा वरातीतल्या डीजेपुढे अजून शाबूत आहे. नवरदेवाचा चुलता शर्ट काढून डोक्यावर गरगरा फिरवतो. बनियनला भोकं, पोट ठेक्याच्या एक मात्रा मागे. आपल्या देहाबद्दल तिळमात्र संकोच नसलेला जिल्ह्यातला हा एकमेव माणूस. त्याच्यावर खटला कुणी भरत नाही. मुंबईत र. धों. कर्व्यांवर मात्र भरले. 1927 पासून चालवलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या मुखपृष्ठावर ते नग्न चित्रं छापत आणि आत वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत. 1934 साली त्या उत्तरांवरून भरलेल्या खटल्यात त्यांची बाजू कोर्टात मांडायला उभे राहिले डॉ. आंबेडकर.

चुलतीही त्याच वरातीत असते. शालू, पदराला तीन पिना, एका हाताने पदर धरून दुसऱ्या हाताने जमेल तेवढा नाच.

ही शेजारी बसून सगळं ऐकत होती. माझ्या हातातून फोन घेतला.

"तिथे बायकाही असतात का रे?"

"असतात ना, मामी."

"आणि पदर सरकला तरी कुणी बघत नाही?"

"मामी, पदरच नसतो."

ही जरा थांबली. मग म्हणाली, "तिकीट किती पडतं?"