पॅनमनभाऊंची दुसरी पाळी

दुपारी चारला पॅनमनभाऊ उमरखेडजवळच्या हायवेवरच्या चहाच्या ठेल्यावर हजर असतात. दुसरी पाळी चारला लागते म्हणून. पाळी लावणारा कारखाना बंद पडला, तो कारखान्याचा प्रश्न. भाऊंचा एकही खाडा नाही.

यवतमाळ म्हटलं की लोकांना कापूस आठवतो. पण पैनगंगेच्या पट्ट्यात ऊसही पिकतो आणि पोफाळीच्या 'वसंत' सहकारी साखर कारखान्यानं इकडची कित्येक घरं चालवली. तो काही हंगाम बंद राहिला. तिकडे दारव्हा तालुक्यात बोदेगावचा 'जय किसान'ही बंदच पडला. त्यामुळे पॅनमनभाऊ ही एक व्यक्ती नव्हे. जिल्ह्यातल्या बऱ्याच ठेल्यांवर त्यांची शाखा आहे.

भाऊंना 'बेकार' म्हणून पाहा, चहा मिळायचा नाही. साखर कामगाराइतका बेकारीचा सराव दुसऱ्या कोणाला नसतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बॉयलर पेटतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी गाळप संपतं, आणि हंगामी माणूस घरी. वरून पगाराचा काही हिस्सा 'रिटेन्शन' म्हणून मिळतो. म्हणजे घरी बसा, पण आमचेच राहा. नवरा वर्षातले काही महिने खाटेवर दिसणार, हे अशा घरातल्या बाईनं लग्न ठरतानाच मान्य केलेलं असतं. त्यामुळे कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा भाऊ एवढंच म्हणाले, "यंदाचा ऑफ सीझन जरा लांबला, राजेहो."

ठेल्यावर बसण्याची जागा खात्यानुसार ठरलेली. डावीकडच्या बाकावर मॅन्युफॅक्चरिंग, उजवीकडे इंजिनिअरिंग. ज्यात रस शिजून साखरेचा दाणा धरतो, तो भाऊंचा पॅन वेळेवर का उतरला नाही, हा वाद कारखान्याहून जास्त टिकाऊ निघाला. भाऊ म्हणतात, वाफच मिळाली नाही. समोरून फिटर म्हणतो, वाफ होती, तुम्हीच झोपला होता. दोघांमध्ये टाइमकीपर बसतो, कोण कधी आलं ते मनात लिहितो आणि गरज पडल्यास साक्ष देतो. आणि चिटबॉय! शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा. केस पांढरे झाले, नातू शाळेत जातो, पण पदोन्नती व्हायच्या आधीच कारखाना बंद पडल्यामुळे तो मरेपर्यंत बॉयच.

चहा येण्याआधी भाऊ साखरेचा डबा मागतात. चिमूटभर दाणे अंगठा नि बोटाच्या मध्ये चोळून पाहतात, उजेडाकडे धरतात. "एस-30. दाणा सारखा नाही. घाई केली कोणीतरी." मग स्वतः फिका चहा पितात. डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, आणि भाऊंच्या मते हासुद्धा ऑफ सीझनच.

कोणी पैनगंगेपलीकडे नांदेडकडच्या खासगी कारखान्यात लागला असेल, तर सुट्टीत त्याची हजेरी होते. "तिथं रिकव्हरी किती?" तो अकरा म्हणाला की डावा बाक अस्वस्थ होतो. शंभर किलो उसात अकरा किलो साखर, तीही आपल्याशिवाय? भाऊ थोडा वेळ घेऊन म्हणतात, "काटा पाहा मंग त्यांचा."

पैशाचा विषय निघाला की सगळ्यांचा आवाज खाली येतो. 2014 मध्ये सरकारनं भविष्य निर्वाह निधीतलं किमान निवृत्तिवेतन 1000 रुपये केलं, आणि त्यात महिना कसा बसवायचा, हे अजून कोणत्याही खात्याला जमलेलं नाही. पण थकबाकी आहे ना! थकलेल्या पगारातून भाऊंनी आतापर्यंत घरावर स्लॅब टाकला, पोराला मोटरसायकल घेतली, भाचीच्या लग्नात सोन्याची अंगठी घातली आणि ठेलेवाल्याचं खातं कितीदा तरी चुकतं केलं. सगळं तोंडी. रक्कम तीच, पण पुरते फार. अर्थखात्यानं शिकण्यासारखी गोष्ट आहे.

पुढं कारखाना भाड्यानं चालवायला गेला आणि धुराड्यातून खरंच धूर निघाला. ठेल्यावर सुतक आल्यासारखं झालं. इतक्या वर्षांचा "यंदा पेटणार" हा विषय एका दिवसात संपला. काहींना बोलावणं आलं. भाऊंचं वय झालं होतं. त्यांनी लांबून धुराची तपासणी केली. "काळा हाय. बगॅस ओला हाय."

एक दिवस पॅनवरचा नवा पोरगा ठेल्यावर आला. टाइमकीपरनं ओळख करून दिली. भाऊंनी त्याला आपल्या शेजारी, डाव्या बाकावर बसवून घेतलं.

"दाणा काचेवर घेऊन पायतो का नाही?"

"स्क्रीनवर सगळं दिसते, काका."

"चोळून?"

"कशाला?"

उजव्या बाकावरून फिटर खो-खो हसला. त्या हसण्यानं भाऊंचा निर्णय झाला. पोरगा अडाणी असो, खातं आपलं आहे.

"याचा चहा माझ्या खात्यावर लिही रे," ते ठेलेवाल्याला म्हणाले. "मॅन्युफॅक्चरिंगचा माणूस हाय."

"थकबाकीत का, भाऊ?"

"मंग! रोखीत काहून बिघडवतो हिशोब?"