दोन वर्षांत नासणारी भाषा

येरवड्याच्या तुरुंगात १९२२ ते १९२४ या काळात गांधीजी उर्दूचा अभ्यास करत होते. किती बँड पडले, हे त्यांना कुणी विचारलं नाही. बँडमध्ये गुण देणारी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा निघाली ती १९८९ साली.

आता त्याच येरवड्यातल्या आयटी पार्कात रोज रात्री अमेरिकेशी इंग्रजीत भांडणारा इंजिनिअर परदेशी निघाला, की अनोळखी परीक्षकापुढे बसून अकरा ते चौदा मिनिटं आवडत्या सहलीबद्दल बोलतो. मग त्याला इंग्रजी येतं असं ठरतं. तेही दोन वर्षांपुरतं. पुढे बहुधा भाषा नासत असावी, श्रीखंडासारखी.

मराठीची परीक्षा घ्यायची हौस सरकारने भागवली ती रिक्षावाल्यांवर. २०१६ साली परवान्यासाठी मराठी सक्तीची केली. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सक्ती रद्द केली. (रिक्षावाला पास झाला असता तरी मीटरने आला असता, असं नाही.) मागच्या सीटवरून "भैया, गोल्फ क्लब चौक से लेफ्ट लेना" म्हणणाऱ्या कुलकर्ण्यांची तोंडी परीक्षा मात्र अजून कुणाला सुचलेली नाही. रिक्षावाला बिचारा लातूरचा. "बरं साहेब," म्हणून वळतो.